पंचफुलाबाईंच्या दारावरचा निंब

पंचफुलाबाईंना आमच्या गल्लीत कोणी आजारपणासाठी बोलवत नसे. त्यांना मातेसाठी बोलवत. हा फरक त्यांनीच घालून दिलेला होता, आणि तो इतका पक्का होता की गल्लीत नवीन बिऱ्हाड आलं तरी आठवड्याच्या आत त्यांनाही कळायचा. धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला हे रोग, त्यांना डॉक्टर. गोवर आणि कांजिण्या ही माता, तिला पंचफुलाबाई.

पांढुर्ण्यात कापसाच्या जिनिंगच्या मागे आमची गल्ली. एखाद्या घरात मूल तापलं, कानामागे लाल पुरळ दिसलं, की त्या घरची बाई आधी फोडणीची कढई उतरवून ठेवी, मग पंचफुलाबाईंकडे निरोप जाई. त्या येताना स्वतःच्या अंगणातल्या झाडाचा निंब घेऊन येत. दारावर डहाळी बांधायची, पोराच्या उशाशी तांब्यात पाणी ठेवायचं, खोली अंधारी करायची. घरात तळण नाही, कंगवा नाही, मोठ्यानं बोलणं नाही. सुई नाही, गोळी नाही. निंबाच्या डहाळीनं त्या मुलाच्या अंगावरून हळूहळू झाडत बसायच्या आणि तोंडानं बोलत राहायच्या, जशी एखादी बाई फणकारून बसलेल्या नणंदेला समजावते तशी. "राग नको धरू बाई. लेकरू लहान हाये. आलीस, पाहून घेतलंस, आता सुखानं जाय."

बहुतेक मुलं बरी व्हायची. जी होत नसत, त्यांच्या घरी त्या एवढंच म्हणायच्या, "माता जाताना घर झाडून गेली."

हा अधिकार त्यांना त्यांच्या चेहऱ्यानं दिला होता. चेहरा देवीच्या वणांनी भरलेला, आणि डावा डोळा पांढरा. त्या मोहगावच्या. लहानपणी गावात देवीची लस टोचणारा टीकेवाला आला की आया पोरं लपवत. पंचफुलाबाईंच्या आईनं त्यांना घरातल्या कापसाच्या ढिगात पुरलं, नाक तेवढं उघडं ठेवलं. धाकटा भाऊ भिवाजी शेताच्या धुऱ्यावरून पळत सुटला आणि कपाशीच्या पऱ्हाटीत पाय अडकून पडला. टीकेवाल्यानं त्याचा दंड धरला. पोरगं दिवसभर रडलं. पुढच्या उन्हाळ्यात गावात देवी आल्या. भिवाजी उन्हात गोट्या खेळत राहिला, आणि पंचफुला केळीच्या पानावर निजून राहिली.

ही गोष्ट त्या हसत सांगायच्या. "मायनं मले टीकेवाल्यापासून लपवलं, पण देवीनं कापूस उकरून काढलंच! तिले मीच पाहिजे होती, भिवाजी नाही." ऐकणाऱ्या बायकाही हसायच्या.

त्या चेहऱ्यानिशी त्यांना बिजवर नवरा मिळाला, जिनिंगमध्ये कापसाचा काटा करणारा. पहिला मुलगा जन्मून बारशाआधीच गेला. अंग धनुष्यासारखं वाकलं आणि दातखिळी बसली. दुसरी मुलगी चार वर्षांची, घशात पडदा धरून गेली. तिसरा उत्तम तेवढा राहिला. नवराही पुढे गेला. पण पंचफुलाबाईंचा हिशेब वेगळा होता. ती दोन लेकरं रोगानं नेली होती. मातेनं त्यांच्या घरातलं एकही नेलं नव्हतं. "माहा डोळा घेतला न् माह्या घराले सोडलं," असं त्या म्हणायच्या. "सौदा झाला आमचा."

ह्या सौद्यावर त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं.

मोठ्या माणसांनाही त्या सोडत नसत. किराणावाले मोतीराम चाळिशीला आले आणि पोरांच्या कांजिण्या त्यांच्या अंगावर उठल्या. पोरं चार दिवसांत उठून खेळायला लागली. मोतीराम मात्र पंधरवडा कण्हत होते, खोकता खोकता बरगड्या धरून बसत. पंचफुलाबाई उशाशी बसून म्हणाल्या, "लहानपणी बोलावलं असतं तं फुलासारखी आली असती. आता मोठेपणी आली, तं हिशेब घेऊनच जाईन. दुकानात बसल्या बसल्या देवीले काय काय बोलले होते, आठवा बरं."

"काही नाही बोललो वं मावशी."

"आठवा."

मोतीरामांनी बराच वेळ आठवलं आणि शेवटी हात जोडून कशाची तरी माफी मागितली. कशाची, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

उत्तमची बायको सरला सौंसरची. आठवी झालेली, बोलायला कमी, पण एकदा ठरवलं की मागे न हटणारी. ती दिवसांत असताना धनुर्वाताची सुई घेऊन आली तेव्हा गल्लीला वाटलं, आता सासू-सुनेची जुंपणार. तसं झालं नाही. उलट पंचफुलाबाईच विचारत होत्या, "दुसरी कधी घ्याची हाये? विसरू नको." बाळंतपणही त्यांनी दवाखान्यातच होऊ दिलं. नात झाली. नाव विजयमाला ठेवलं, हाक विजू. डांग्या खोकल्याची आणि घटसर्पाची सुई टोचून आणली त्या दिवशी विजूची मांडी सुजली, ताप आला. पंचफुलाबाई तिला मांडीवर घेऊन येरझाऱ्या घालत राहिल्या, पण सुनेला एक शब्द बोलल्या नाहीत. रोगाशी त्यांचं भांडण होतं. त्यात सुई त्यांच्याच बाजूची होती.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी प्रतिभा सिस्टर गल्लीत आल्या. दर बुधवारी त्या शाळेमागच्या अंगणवाडीत टेबल मांडून बसत. विजूला पाहून म्हणाल्या, "सरला, नऊ महिने पुरे झाले ना हिला? गोवराची नवीन सुई आली आहे. येत्या बुधवारी घेऊन ये."

पंचफुलाबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. सूप थांबलं.

"सिस्टरबाई, खोकल्याची टोचली, म्या काही म्हटलं? पोलिओचे थेंब पाजले, म्या काही म्हटलं? पण पाहुणी याच्या आधीच दार लावून घ्याचं, हे काही बरं नाही बाप्पा."

"मावशी, ती पाहुणी जाताना काय काय नेते, ते तुम्हीच जास्त पाहिलंय."

"नेते तशी देते बी," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि सूप पुन्हा हलवू लागल्या.

सिस्टर निघताना सरलानं मान हलवली. बुधवारी ती जाणार होती.

त्या वेळी वत्सलाबाईंच्या दारावर निंब होता. वत्सलाबाईंचे यजमान संत्र्याचे व्यापारी. उत्तम त्यांच्याकडेच पेट्या भरायला जायचा. त्यांच्या रवींद्रला गोवर झाला होता, आणि आता पुरळ काळं पडून कोंडा निघत होता. म्हणजे मातेची पाठवणी करायची वेळ आली होती. पाठवणी मंगळवारी करायची. आदल्या दिवशी रांधलेलं थंड जेवण, दहीभात, गुळाचं पाणी, आणि कुमारिकांना जेवायला बोलवायचं. गल्लीतल्या मुलींना पाटावर बसवून त्यांचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, हातावर दहीभात द्यायचा. जितकी कुमारिका लहान तितकी माता खूश. वत्सलाबाई स्वतः ओट्यावर आल्या.

"पंचफुलाकाकू, यंदा तुमची विजूच पहिल्या पाटावर पाहिजे. नऊ महिन्यांची कुमारिका गल्लीत दुसरी कोणाची आहे?"

पंचफुलाबाईंचा चेहरा उजळला. एवढी वर्षं त्या इतरांच्या मुली पाटावर बसवत आल्या होत्या. आता त्यांच्या स्वतःच्या घरची पहिल्या पाटावर बसणार होती.

घरात सरला पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "आत्याबाई, परवा बुधवारी तिले सुई टोचाची आहे."

"मंगळवारी पाय धुतलेली पोट्टी बुधवारी टोचून आणतं का कोणी? देवीनं जेवू घातलं न् दुसऱ्या दिवशी लोखंड लावलं! पुढचा मंगळवार होऊ दे."

"मग तिले नेऊच नका जेवाले."

पंचफुलाबाई उठून चुलीजवळ आल्या. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज चढला नाही की सरला जास्त घाबरायची. "वत्सलाच्या घरून बोलावणं आलं. उत्तम तिथं काम करून राहिला. न् मी साऱ्या गल्लीच्या पोट्ट्या बसवल्या, माहीच नात घरात लपवू? कापसात पुरू का तिले?"

उत्तम दाराशी बसून बिडी पेटवत होता. सरलानं त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "एका हप्त्यानं काय बिघडून राहिलं?"

सरलानं लाटणं खाली ठेवलं. "बरं. पण पुढच्या बुधवारी मी नेईन. मग निंब असो का काही असो. कबूल करा."

"कबूल," पंचफुलाबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्या शब्दाच्या पक्क्या होत्या.

मंगळवारी वत्सलाबाईंच्या माजघरात मुलींची रांग बसली. विजूला लाल परकर नेसवला होता, तो तिच्या पायांत गोळा होत होता. ती पाटावर बसून गोल गोल डोळ्यांनी सगळं पाहत होती आणि दोन दातांनी स्वतःची मूठ चावत होती. पाय धुवायचा मान घरच्या मुलीचा. वत्सलाबाईंची अनुराधा, सहा वर्षांची, तांब्या घेऊन आली. तिचं नाक वाहत होतं. डोळे लालसर होते आणि उजेडाकडे ती पापण्या मिटून घेत होती. विजूचे पाय धुताना तिला खोकला आला, तोंडावर हात न घेता ती खोकली, आणि मग विजूचा पाय उचलून तिनं त्याचा मुका घेतला. मग गालाचा. बायका हसल्या.

ते डोळे पंचफुलाबाईंनी ओळखले. पुरळ उठायच्या आधीचे डोळे त्यांच्याइतके कोणी पाहिले नव्हते. त्या वत्सलाबाईंकडे झुकून म्हणाल्या, "हिच्या बी अंगात येऊन राहिली वाटते. पाठवणी करता करताच परत फिरली." आणि अनुराधाच्या कपाळाला त्यांनी कुंकू लावलं.

विजूला त्यांनी तिथून उचललं नाही. पाटावर बसवलेली कुमारिका जेवण आटपायच्या आधी उठवली तर तो देवीचा अपमान. शिवाय सौदा होताच. अनुराधा विजूला मांडीवर घेऊन दहीभात भरवत राहिली. मधूनमधून तिच्या केसांत तोंड खुपसून शिंकत होती.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, प्रतिभा सिस्टर टेबल मांडून बसल्या आणि गेल्या. सरला दारात उभी राहून शाळेच्या दिशेनं पाहत होती. विजू तिच्या कडेवर होती. चांगली हसत-खेळत होती.

पुढच्या बुधवारी सकाळी सरलानं तिला आंघोळ घातली, फ्रॉक चढवला आणि कोणाला न विचारता अंगणवाडीत नेली. पंचफुलाबाईंनी अडवलं नाही. सिस्टरनी सुई भरायला घेतली आणि विजूच्या दंडाला हात लावला. हात तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "ताप कधीपासून आहे?"

"आंघोळीच्या पाण्यानं गरम लागत असन."

सिस्टरनी विजूचा चेहरा खिडकीकडे वळवला. विजूनं डोळे गच्च मिटले आणि रडू लागली. नाकातून पाणी गळत होतं. सिस्टरनी सुई परत ठेवली. "आज नको. हिला डॉक्टरांकडे ने. आजच ने." मग हळूच म्हणाल्या, "ज्या बुधवारी बोलावलं होतं त्या बुधवारी आणली असती, तरी कदाचित निभावलं असतं."

सरला घरी आली तेव्हा दारावर निंब बांधून झाला होता. पंचफुलाबाईंनी विजूला सकाळीच पाहिलं होतं.

विजू नऊ महिन्यांची होती. ती कोणत्याही देवीची काही लागत नव्हती; तिला दूध हवं होतं आणि आईची कड हवी होती. पण आता ती अंधाऱ्या खोलीत निंबाच्या पानांवर होती. बायका येत, दारातून हात जोडत. वत्सलाबाई म्हणाल्या, "काकू, तुमच्या घरी यायची राहिली होती, अखेर आली. आमची अनुराधा बरी होऊन राहिली, तशीच ही होईल." अनुराधा खरंच बरी होत होती, तिचा फक्त एक कान वाहू लागला होता.

पंचफुलाबाई विजूच्या अंगावरून डहाळी फिरवत होत्या. "सौदा झाला होता ना आपला? पाहून घे न् जाय. एवढीशी हाये ती." हे बोलणं आम्ही कित्येक घरांत ऐकलं होतं. या वेळी त्यात विनवणी होती.

विजूनं डोळे उघडणं बंद केलं. पापण्या पिवळट चिकट झाल्या. पंचफुलाबाई तांब्यातलं निंबाचं पाणी डोळ्यांत सोडत. सरलानं एकदा हात धरला. "आत्याबाई, नका."

"थंडक पडते."

"दवाखान्यात नेऊ."

"निंब हाये दारावर," पंचफुलाबाई म्हणाल्या. उत्तमही म्हणाला, "माय म्हणते तं थांब ना जराशी." सरला थांबली. ती का थांबली, हे तिनं पुढे कधी सांगितलं नाही. त्या घरात त्या दाराच्या आत त्या बाईच्या शब्दाबाहेर आजवर कोणी गेलं नव्हतं, आणि गल्लीतही नाही. यापलीकडे कारण शोधायची गरज नाही.

पुरळ मावळायला लागलं. ताप मात्र उतरला नाही. एके दुपारी विजूनं दूध ओढायचं सोडलं. तिचा श्वास घाईनं चालू लागला, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत खेचली जाऊ लागली. नाकपुड्या फुलत होत्या. मधूनच ती बारीक कण्हायची.

पंचफुलाबाईंनी हे पाहिलं होतं. कितीतरी घरांत पाहिलं होतं. बरगड्या अशा ओढायला लागल्या की पुढे काय होतं, तेही पाहिलं होतं. तेव्हाच त्या ते वाक्य बोलत असत. त्यांची डहाळी थांबली.

"आत्याबाई," सरला म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "बोला ना. माता घर झाडून राहिली म्हणा. बाकीच्यांच्या घरी म्हणता ना तुम्ही?"

पंचफुलाबाई पोरीच्या पोटाकडे पाहत राहिल्या. मग डहाळी खाली ठेवून उठल्या, बाहेर आल्या, आणि भर दुपारी, समोरच्या ओट्यावर बायका बसलेल्या असताना, दारावरचा निंब त्यांनी ओढून काढला. दोरा तुटत नव्हता तर दातानं तोडला.

वत्सलाबाई ओरडल्या, "काकू! काय करून राहिल्या? पाठवणी नाही झाली अजून! देवी घरातच हाये!"

"राहू दे घरात. आम्ही बाहेर चाललो." मग आत वळून, "उत्तम, उठ! संत्र्याची गाडी उभी असन चौकात, तीच आण. जाय ना, पाहतो काय?"

पांढुर्ण्याच्या दवाखान्यातून त्यांना नागपूरला पाठवलं. आगगाडीत पंचफुलाबाईंनी नातीला उघड्या खिडकीशी धरून ठेवलं होतं, वाऱ्यात, सगळ्यांच्या नजरेसमोर. मातेच्या लेकराला वारा लागू द्यायचा नाही, हे गल्लीला त्यांनीच शिकवलं होतं.

विजू जगली. छातीच्या दुखण्यातून ती बाहेर आली, हळूहळू दूध पिऊ लागली. मोठ्या दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंबांचं औषध आणि पिवळ्या तेलाचं औषध लिहून दिलं. एका डोळ्याला ते वेळेवर पोचलं. दुसऱ्याचं बुबुळ विरघळून गेलं होतं.

"हा नाही परत यायचा," डॉक्टर म्हणाले. "थोडं आधी आणायला हवं होतं."

डावा डोळा होता. पंचफुलाबाईंनी पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली की डावाच ना. डॉक्टरांना वाटलं, म्हातारीला कळत नाही.

सासू-सून नातीला घेऊन परतल्या तेव्हा गल्लीनं त्यांच्या मागे दोन गोष्टी ठरवून टाकल्या होत्या. पहिली: पंचफुलाबाईंनी निंब उतरवला म्हणून डोळा गेला. पाठवणी न करता देवीला घरात एकटी टाकून गेल्या, मग दुसरं काय होणार? दुसरी: देवीनं तोच डोळा घेतला म्हणजे पोरगी देवीचीच. आजीची जागा नातीला दिली. या दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं सांगताना कोणालाही अडचण वाटत नव्हती.

पंचफुलाबाई सांगत, डहाळी उतरवल्यानं नाही, उशिरानं गेला डोळा. आमच्या ओट्यावर बसून सांगत, नळावर सांगत. बायका ऐकून घेत आणि मान हलवत. त्यांना वाटे, दुःखानं बाईचं डोकं फिरलं. मातेसाठी त्यांना बोलवणं बंद झालं. ज्या बाईचा शब्द गल्ली मोडत नव्हती, तिचा हा एकच शब्द कोणी उचलला नाही. प्रतिभा सिस्टरच्या टेबलाशी आमच्या गल्लीतली मुलं पूर्वीपेक्षा कमी दिसू लागली. गोवराची सुई घ्यायला निघाली होती म्हणून तर विजूवर कोप झाला, अशी तिसरी गोष्टही कुठून तरी निघाली होती.

सरला सासूशी कामापुरतं बोलायची. ती सौंसरला माहेरी निघून गेली नाही. तिनं फक्त विजूला औषध घालायचं काम स्वतःकडे ठेवलं, आणि पंचफुलाबाई तांब्या घेऊन जवळ आल्या की ती त्यांच्या हातून तांब्या काढून घ्यायची.

दोन उन्हाळे गेले. विजू चालू-बोलू लागली. आजीची पाठ सोडत नसे. चेहरा गोरा, नितळ. एकही वण नाही. फक्त डावा डोळा पांढरा. रस्त्यानं जाताना म्हाताऱ्या बायका तिच्या पायांना हात लावून कपाळाला लावायच्या. तिला तो खेळ वाटायचा. ती स्वतःच पाय पुढे करू लागली होती.

एकोणनव्वद साली चैत्रात पलीकडच्या वस्तीत पुन्हा गोवर आला. वत्सलाबाईंना मागच्या पावसाळ्यात तिसरं बाळ झालं होतं. त्या सकाळीच आमच्या समोरून पंचफुलाबाईंच्या ओट्यावर गेल्या. हातात नारळ आणि हळदकुंकू.

"काकू, झालं गेलं सोडा. बाळाला नववा संपला. मातेनं यायचं तर हलक्या पावलानं यावं, म्हणून म्हटलं, विजूला एकदा पाटावर बसवावं. तिनं बाळाच्या अंगावरून डहाळी फिरवली की झालं."

"नववा संपला तं बुधवारी ने त्याले," पंचफुलाबाई म्हणाल्या. "सिस्टर बसून राहिली तिथं. मी येतो तुह्यासंगं."

"तुम्ही? तुम्हीच म्हणून राहिल्या, काकू?"

"मीच म्हणून राहिली."

वत्सलाबाई बोलणार होत्या, पण त्यांचं लक्ष अंगणाकडे गेलं. विजू मातीत बसली होती. तिच्यापुढे चिंध्यांची बाहुली आडवी होती, बाहुलीच्या उशाशी पाण्याची वाटी. विजूच्या हातात निंबाची डहाळी होती आणि ती बाहुलीच्या अंगावरून हळूहळू फिरवत होती. ओठ हलत होते. "राग नको धलू बाई. लेकलू लहान हाये."

वत्सलाबाईंनी नारळ खाली ठेवून हात जोडले. "पाहा. कोणी शिकवलं हिला? तुम्ही तर दोन वर्षं डहाळी हातात नाही धरली. कोणी शिकवलं, काकू?"

हे खरं होतं. पंचफुलाबाई कुठल्याच घरी गेल्या नव्हत्या. पण झोपेत त्या बोलत, आणि विजू त्यांच्याच कुशीत निजत असे.

त्या अंगणात उतरल्या. नातीच्या हातातली डहाळी काढून घेतली आणि चुलीत घातली. ओली डहाळी जळेना, नुसता धूर होऊ लागला. बाहेर विजू रडली नाही. उठली, झाडाखाली गेली, टाचा उंचावल्या आणि दुसरी डहाळी तोडली. चैत्राची पालवी होती. खालच्या फांद्या तिच्या हाताला पोचत होत्या.

पंचफुलाबाई विळा घेऊन बाहेर आल्या. पोरीचा हात जिथवर पोचतो त्याच्या वर, आणि मग आणखी वर, त्यांनी फांद्या छाटायला सुरुवात केली. सत्तरीकडे झुकलेली बाई, पदर खोचून, एका डोळ्यानं नेम धरत. सरला स्वयंपाकघराच्या दारात आली. मग म्हणाली, "आत्याबाई, पुढच्या वर्षी तिचा हात अजून वर जाईन."

"तवा अजून वर कापीन."

सरला पुढे आली आणि फांदी वाकवून धरली, म्हणजे विळा नीट बसावा. त्या दोन वर्षांत त्या दोघींनी एकत्र केलेलं हे पहिलं काम असावं.

फांद्यांचा ढीग कुंपणाशी पडला. गल्लीतल्या बायका गोळा झाल्या होत्या. मग अनुराधा, आता आठ वर्षांची, कानात कापसाचा बोळा घातलेली, आईनं ढकलल्यावर पुढे आली आणि तिनं ढिगातली एक डहाळी उचलली. तिच्यामागे दुसरी बाई आली. मग तिसरी. विजूच्या अंगणातला, पंचफुलाबाईंच्या हातचा निंब. असा निंब पुन्हा कुठे मिळणार होता?

पंचफुलाबाईंना ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्या धावत येऊन ढिगावर बसल्या, विळा मांडीवर ठेवून. "कोणी हात नाही लावाचा! घरी जा. वत्सला, बुधवारी घेऊन ये त्याले. आयकून राहिली का? डहाळी नाही भेटणार!"

बायका मागे सरल्या. एकीनं दुसरीला हळूच म्हटलं, "अंगात आलं वाटतं." आणि दोघीतिघींनी तिथूनच हात जोडले.

बुधवारी पंचफुलाबाई सकाळपासून अंगणवाडीच्या पायरीवर बसून होत्या. विजू शेजारी होती. सिस्टरनी टेबल मांडलं, दुपारी उचललं. येता येता दोघी वत्सलाबाईंच्या घरावरून आल्या. खिडक्यांना चादरी लावलेल्या होत्या, आतून बाळाच्या किरकिरण्याचा आवाज येत होता, आणि दारावर निंब बांधलेला होता. गावात झाडांना काही तोटा नव्हता.

पंचफुलाबाईंनी दाराची कडी वाजवली. आतून कोणी उघडलं नाही. मग वत्सलाबाईंचा आवाज आला, "एकट्या आल्या का विजूला आणलं?"